तबकडी आणि विद्यार्थ्यांची नभोवाणी

यंत्र जुने झाले की ते अडगळीत टाकावयाचे, अशी आपली सर्वसाधारण रीत आहे. अमेरिकेतील महाविद्यालयीन नभोवाणीचा इतिहास या रीतीला अपवाद आहे.

या इतिहासाचा एक धागा आपल्या देशातून निघतो. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांना लाख लागे आणि ती मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. महायुद्धात तो पुरवठा अडला. १९४२ साली अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर कडक निर्बंध घातले. तेव्हा व्हिनाइलकडे लक्ष वळले. १९४८ साली कोलंबिया कंपनीने व्हिनाइलची दीर्घ वादनाची तबकडी बाजारात आणली. त्याच वर्षी तेथील सरकारने शिक्षणसंस्थांना अवघ्या १० वॅटची एफ.एम. केंद्रे काढण्यास मुभा दिली. दहा वॅट म्हणजे एका मिणमिणत्या दिव्याची वीज! पण तेवढ्यावर विद्यार्थ्यांचा आवाज गावभर पोहोचू लागला.

पदरी वाद्यवृंद ठेवण्याची ऐपत या केंद्रांना कोठून असणार? त्यांची सारी मदार तबकड्यांवर. पुढे १९८२ साली सीडी आली, मागून संगणक आला. व्यापारी केंद्रांनी तबकड्या मोडीत काढल्या. विद्यार्थ्यांनी पुष्कळ ठिकाणी त्या जपल्या. कारण साधे होते. लहान कंपन्यांनी थोड्याच प्रती काढलेले कितीतरी संगीत नव्या साधनांवर कधी उतरलेच नाही. शिवाय अनेक केंद्रांत वेष्टनावर मागच्या पिढ्यांतील मुलांनी अभिप्राय लिहून ठेवलेले असतात. नवा विद्यार्थी ते वाचतो, सुई गाण्याच्या आरंभी टेकवतो, तबकडी हाताने किंचित मागे फिरवतो आणि वेळ येताच सोडतो. हे शिक्षणच नव्हे काय?

मात्र या ठेव्याला कायमचे अभय नाही. २०११ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठाने आपल्या केंद्राची एफ.एम. लहर विकावयास काढली आणि त्यावरील विद्यार्थ्यांचे कार्यक्रम एकाएकी थांबले. उलट न्यू जर्सीतील उपसाला कॉलेज १९९५ साली बंद पडले, पण त्याचे डब्ल्यू.एफ.एम.यू. केंद्र श्रोत्यांच्या वर्गणीवर आजही चालू आहे. एकीकडे संस्था उरली, लहर गेली. दुसरीकडे संस्था गेली, केंद्र उरले. फरक पडला तो राखणारांमुळे.

बाजाराचे वारे फिरतात. २०२२ साली अमेरिकेत सीडींहून अधिक व्हिनाइल तबकड्या खपल्या. परंतु वारे फिरेपर्यंत ठेवा कोणीतरी सांभाळावा लागतो. आपल्या माळ्यावरच्या तबकड्या रद्दीवाल्याच्या स्वाधीन करण्यापूर्वी, त्यांवर काय आहे एवढे तरी आपण पाहू या.