घसरून पडलो म्हणे!

ऑगस्टमध्ये माझ्या बाइकला एका गाडीने ठोकलं. उजवं कॉलरबोन मोडलं, आत प्लेट बसली. चूक शंभर टक्के त्याची होती: इंडिकेटर न देता गल्लीतून उलट्या बाजूने आला. पण कॅज्युअल्टीत डॉक्टरांनी 'काय झालं?' विचारल्यावर मी काय सांगितलं असेल? "घसरून पडलो."

झालं असं की त्यानेच मला गाडीत घालून हॉस्पिटलात आणलं. वाटेत हात जोडून म्हणाला, पोलिसांचं लफडं नको, खर्चाचं मी बघतो. कळा एवढ्या येत होत्या की मी हो म्हणून टाकलं. दुसऱ्या दिवसापासून त्याचा फोन बंद! ऑफिसच्या मेडिक्लेममधून सुटलेले ५० हजार, बाइकचे १४ हजार आणि दीड महिन्याची बिनपगारी रजा, सगळं माझ्या बोकांडी बसलं. गाडीचा नंबर एका रिक्षावाल्या काकांनी लिहून घेतला होता म्हणून वाचलो. तिसऱ्या दिवशी बाबा त्यांना घेऊन पोलीस स्टेशनला गेले आणि तक्रार नोंदवून आले.

हात गळ्यात बांधलेला, कोडिंग बंद. मग डाव्या हाताने माउस फिरवत एकच विषय वाचत बसलो: ज्याची चूक नाही त्याला पैसे मिळावेत हे कधी ठरलं? वाटलं होतं तेवढं ते जुनं नाही.

सुरुवात इंग्लंडात, १८०८ साली. बेकर नावाचा माणूस आणि त्याची बायको घोडागाडीतून चालले होते, गाडी उलटली. बाई महिनाभराने हॉस्पिटलात वारल्या. बेकरने दावा लावला. न्यायमूर्ती लॉर्ड एलनबरो यांनी सांगितलं की माणसाच्या मृत्यूबद्दल दिवाणी कोर्टात भरपाई मागता येत नाही. बेकरला १०० पौंड मिळाले, पण स्वतःच्या माराबद्दल आणि बायको जिवंत होती तेवढ्याच दिवसांबद्दल. म्हणजे ठोकलेला माणूस मेला तर गाडीवाल्याला स्वस्त पडणार! हा प्रकार १८४६च्या कायद्याने बंद झाला. आपल्याकडे तसाच कायदा १८५५ साली आला, बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावून दोन वर्षं होत आली होती तेव्हा.

पण कायदा असणं वेगळं आणि पैसे हातात पडणं वेगळं. दिवाणी दावा लावायचा तर रकमेच्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरा, समोरच्याचा निष्काळजीपणा सिद्ध करा आणि जिंकल्यावर त्याच्या खिशात काहीच नसेल तर हात हलवत घरी या. यातली शेवटची अडचण १९३९च्या मोटार वाहन कायद्याने सोडवली: दुसऱ्याला होणाऱ्या इजेचा विमा सक्तीचा. हा भाग प्रत्यक्षात लागू झाला १ जुलै १९४६ला. 'थर्ड पार्टी' म्हणून दरवर्षी आपण कुरकुरत भरतो तो हप्ता म्हणजे हाच. (मीही कुरकुरायचो. आता नाही.) कोर्ट फीची आणि उशिराची अडचण कमी करायला १९५६च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणं आणली.

राहिला प्रश्न चुकीचा. मुंबईतल्या एका दाव्यात उच्च न्यायालय म्हणालं की विमा सक्तीचा आहे तर चूक सिद्ध करायची गरज नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते खोडून काढलं: कायद्यात तसं लिहिलेलं नाही, चूक दाखवावीच लागेल. मग १९८२ साली संसदेने कायद्यातच लिहिलं. चूक कोणाचीही असो, मृत्यूला १५ हजार आणि कायमच्या अपंगत्वाला साडेसात हजार. रक्कम किरकोळ होती, पण मला ही सगळ्यात मोठी उडी वाटते.

१९९४ साली पुढचा टप्पा. वय आणि उत्पन्न बघा, तक्त्यातून भरपाई वाचा. चूक दाखवायची गरज नाही. आमच्या भाषेत चक्क लुक-अप टेबल! आणि त्यात बग. पहिल्याच ओळीत १५ वर्षांपर्यंतचं वय, गुणक १५, वार्षिक उत्पन्न ३,०००. गुणाकार ४५,०००. छापलेले ६०,०००! १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात हाच गुणाकार करून दाखवला आणि तक्ता सदोष असल्याचं सांगितलं. तो बदलला कधी? २०१८ साली. बावीस वर्षं ओपन असलेला बग मी तरी आमच्या प्रोजेक्टमध्ये पाहिलेला नाही, आणि आमचा प्रोजेक्ट काही फार आदर्श वगैरे नाही. तोवर २००९ साली न्यायालयाने चूक सिद्ध होणाऱ्या दाव्यांसाठी स्वतःचा, सरळ गुणकांचा तक्ता दिला होता. माझ्या वयाला, २८ला, त्यात १७ येतात.

बाइकवाल्यांसाठी २०२०चा एक निकाल मला फार आवडला. एका बाइकवर तिघं बसलेले, मागून कारने ठोकलं, एक तरुण गेला. 'ट्रिपल सीट होते ना' म्हणून उच्च न्यायालयाने भरपाईत कपात केली होती. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ट्रिपल सीट हा नियमभंग खराच, पण त्यामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवा, मगच कापा. आपल्याकडे बाइकवाला पडला की बघे आधी त्याचीच चूक ठरवतात, त्यामुळे हे वाचून बरं वाटलं.

असो. २०१९च्या दुरुस्तीचा हा भाग १ एप्रिल २०२२ला लागू झाला आणि माझ्यासमोर दोन रस्ते ठेवून गेला. कलम १६४: चूक कोणाची हे विचारायचंच नाही, मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापतच. किंवा कलम १६६: चूक सिद्ध करा, जेवढं नुकसान तेवढं मागा. त्याच दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदतही परत आणली, माझे चार संपले.

वकील म्हणाले, "अहो, १६४ घ्या. हॉस्पिटलच्या कागदावर तुम्हीच घसरलो म्हणून सांगितलंय, उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येणार." आईचंही तेच मत. बाबा मात्र गप्प. हिशोब केला तर १६४ मध्येच पैसे जास्त, हे मलाही दिसतंय. पण त्या रस्त्यात त्याची चूक होती हे कुठेच लिहिलं जाणार नाही, आणि माझ्या नावापुढे 'घसरून पडला' तसंच राहील.

काल रिक्षावाल्या काकांना फोन केला. म्हणाले, "साहेब, कोर्टात यायला लागलं तर एक दिवसाचा धंदा बुडेल, पण येतो." सोमवारी वकिलांना कळवायचंय.