कॉटन ग्रीन ते डेक्कन कॉलेज

१८६५ चा जानेवारी. मुंबईत कुलाब्याच्या कापूसबाजारात, कॉटन ग्रीनवर, तुम्हाला पाय ठेवायला जागा नाही. गाठींवर गाठी रचलेल्या, आणि हवेत एवढी तूस की शिंका आवरत नाहीत. शेजारी दोघे दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतायत. अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस अडकला, आणि लँकेशायरच्या गिरण्या खानदेश-वऱ्हाडच्या मालावर तुटून पडल्या. इथला पैसा संध्याकाळपर्यंत समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे भरणीच्या शेअरांत शिरतो.

अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोनं १८१७ मध्ये हेच सांगितलं होतं: ज्या देशाला जे तुलनेनं स्वस्तात जमतं ते त्यानं विकावं, बाकीचं विकत घ्यावं, भलं दोघांचंही होतं. इथं उभं राहून ते खोटं कसं म्हणाल?

आता एका गाठीतून चिमूटभर रुई ओढा. धागा आखूड, मध्ये पाचोळ्याचा चुरा. लँकेशायरचे कामगार या ‘सुरती’ कापसाला शिव्या घालतात. अमेरिकेचा माल मिळाला की त्याला कोण विचारणार? एप्रिलमध्ये युद्ध संपतं, भाव कोसळतो. १ जुलैला वायद्यांचे हिशेब चुकते करायची वेळ येते आणि पेढ्यांमागून पेढ्या बुडतात.

पण ताडदेवला दावरांची गिरणी १८५६ पासून सूत काढते आहे. माझ्या मते मुंबईची खरी वाढ तिथं चालली आहे. तुटलेला धागा चालत्या यंत्रावर जोडायला शिकलेला माणूस बाजार पडला तरी ते विसरत नाही. रिकार्डोच्या हिशेबात आजचा नफा नेमका बसतो. हे शिकणं त्यात कुठं मांडायचं?

१८९२. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात महादेव गोविंद रानडे बोलतायत. ऐका नीट. उष्ण देशांनी कच्चा माल पिकवावा आणि थंड देशांनी कारखाने चालवावेत, ही वाटणी निसर्गानं केलेली नाही, असं ते ठामपणे मांडतात. जर्मनीच्या अर्थशास्त्रज्ञ लिस्टचा आधार घेतात: देशाची उत्पादनशक्ती वाढवायची तर सरकारनं हात द्यायला हवा. मुंबईचं सूत एव्हाना चीनला जातंय. विलायती कापडावरची जकात मात्र १८८२ पासून उठलेली.

सरकार हात देतं, पण मँचेस्टरला. १८९६ मध्ये आयात कापडावर साडेतीन टक्के जकात ठरते, आणि तिचा फायदा इथल्या गिरण्यांना होऊ नये म्हणून त्यांच्या कापडावरही तेवढाच कर. तो रद्द व्हायला १९२६ उजाडतं.