‘मामा’ म्हणता, मग कप वेगळा का?

मागच्या महिन्यात सेनगावात आमच्याच दोन कार्यकर्त्यांमध्ये कडाक्याचे भांडण झाले. निमित्त अगदी किरकोळ. आमचा एक बावीस वर्षांचा पोरगा मोटारीचा सुटा भाग घ्यायला एका दुकानात गेला होता. दुकानदार वयस्कर. “ये बाळा, बस,” म्हणत त्याने स्टूल पुढे सरकवले. मग नेहमीची चौकशी झाली. कोणत्या गावचा? कुणाचा रं तू? आडनाव काय? पोराने आडनाव सांगितले. तेवढ्यात दुसरे गिऱ्हाईक आले आणि दुकानदार म्हणाला, “बाळा, तू जरा तिकडं उभा राह्य, यांना बसू दे.”

पोरगा तिथून थेट आमच्याकडे आला. त्याचे म्हणणे, हा अपमान आहे, तक्रार करायची. आमचे जुने कार्यकर्ते हसले. “बापाच्या वयाचा माणूस बाळा म्हणला तर बिघडलं कुठं? उद्या कुणी दादा म्हणलं तरी तू ठाण्यात जाशील का?” दोघेही आमचेच, आणि दोघांचेही थोडे थोडे बरोबर. म्हणून ही मांडणी.

दुकानदाराने ‘बाळा’ हा शब्द दोनदा वापरला. पहिल्यांदा वापरला तेव्हा स्टूल मिळाले, दुसऱ्यांदा वापरला तेव्हा स्टूल गेले. शब्द तोच राहिला. त्यामुळे शब्दकोशात डोके घालून ‘बाळा’ चांगला की वाईट हे कधीच ठरणार नाही. त्या शब्दाभोवती काय घडते आणि तो शब्द उलटून बोलता येतो का, हे पाहावे लागते. तो पोरगा दुकानदाराला ‘बस रे बाबा’ म्हणू शकला असता का?

हा प्रश्न आजचा नाही. पाणिनीच्या अष्टाध्यायीत आठव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात त्र्याऐंशीवे सूत्र आहे. एखाद्याने वाकून आपले नाव सांगितले की, आशीर्वाद देणाऱ्याने उत्तर देताना शेवटचा स्वर लांबवायचा, असा तो नियम. आपण लेकराला लाडाने हाक मारताना स्वर लांबवतो, तसलाच हा प्रकार. पण याच सूत्रात एक अपवाद घातलेला आहे. समोरचा शूद्र असेल तर स्वर लांबवायचा नाही. पुढे कात्यायनाने त्या अपवादात स्त्रियांनाही घातले. म्हणजे आपुलकीचा एक लांब स्वरसुद्धा कुणाला द्यायचा आणि कुणाला नाही, हे व्याकरणात लिहून ठेवलेले! मनुस्मृतीचा दुसरा अध्याय याच वाटेने जातो. भेटल्यावर ब्राह्मणाला कुशल विचारावे, क्षत्रियाला अनामय, वैश्याला क्षेम आणि शूद्राला आरोग्य. बाळाचे नाव ठेवतानाही ब्राह्मणाचे मंगल असावे आणि शूद्राचे निंदाव्यंजक असावे, असे तिथेच सांगितले आहे. (दगडू, कचरू ही नावे सगळ्याच जातींत होती, मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ठेवली जात, हे आम्हांला माहीत आहे. पण पाटलाच्या दगडूचा पुढे दगडूजीराव होई. आमच्या दगडूचा दगड्याच राही.) २५ डिसेंबर १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी जो ग्रंथ जाळला, त्यात कुणी कुणाला काय म्हणायचे याचा कायदाही होता, हे आपण भाषणात क्वचितच सांगतो.

गावात हा कायदा ‘जोहार’ या शब्दाने चालत असे. महाराने वरच्या जातीच्या माणसाला जोहार घालायचा, आणि घालायचा तो ‘मायबाप’ म्हणून. मायबाप हा नात्याचा शब्द आहे, आणि त्याहून जवळचा शब्द मराठीत नाही. चोखोबांच्या आणि एकनाथांच्या रचनांत जोहार नावाचा प्रकारच आहे. चोखोबा ज्या नामदेवांना गुरू मानत त्यांची नर्सी आमच्या सेनगावापासून फार लांब नाही, म्हणून हा इतिहास आम्हांला परका वाटत नाही. तर सांगायचे असे की, मायबाप म्हणणारा लेकरू झाला नाही आणि ज्याला मायबाप म्हटले त्याने त्याला घरात घेतले नाही. जोहाराला उत्तर म्हणून जोहार कधी आला नाही. नाते एकाच बाजूने बोलले जात होते आणि ते पोटासाठी बोलावे लागत होते.

इथे एक गंमत सांगितलीच पाहिजे. झारखंडात आजही आदिवासी एकमेकांना ‘जोहार’ म्हणतात, अभिमानाने म्हणतात, आणि समोरचा तितक्याच जोरात जोहार म्हणतो. तिकडे तो ताठ मानेचा शब्द आहे. आपल्याकडे त्याच शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या माना वाकवल्या. फरक एवढाच, की तिकडे तो परत येतो.

म्हणून बाबू हरदास एल. एन. यांचे काम आम्ही एवढे मोठे मानतो. कामठीचा हा माणूस १९०४ साली जन्मला आणि १९३९ साली, पस्तिशीतच गेला. पण तेवढ्यात त्याने ‘जय भीम’ रूढ केला. मुसलमान बांधवांच्या सलामाला जसे ठरलेले उत्तर असते तसे आपल्यालाही हवे, असे त्यांच्या मनात होते. आधी ‘जय भीम’ला ‘बल भीम’ असे उत्तर सुचले होते म्हणतात. पुढे उत्तरही ‘जय भीम’च ठरले आणि ते फार चांगले झाले. जो शब्द तू म्हणालास तोच मी म्हणणार, वर नाही आणि खाली नाही. आपल्या मराठवाड्यात, तेव्हाच्या निजामी राज्यात, भाऊसाहेब मोरे यांनी ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यातल्या मकरणपूरला परिषद भरवली. बाबासाहेब तिथे हजर होते. यापुढे एकमेकांना जय भीम म्हणायचे, असे भाऊसाहेबांनी त्याच परिषदेत सांगितले.

त्याच १९३८ सालच्या जानेवारीत मुंबईच्या विधिमंडळात दुसरी लढाई झाली होती, आणि तीही एका गोड शब्दाशी. गांधीजींनी अस्पृश्यांना ‘हरिजन’ म्हणायला सुरुवात केली होती. ११ फेब्रुवारी १९३३ पासून त्या नावाचे साप्ताहिकही निघू लागले. देवाची माणसे! याहून प्रेमाचा शब्द कुणी कुणाला दिला असेल? पण तो दिला कुणी, आणि कुणाला विचारून? काँग्रेस सरकारने स्थानिक मंडळांच्या दुरुस्ती विधेयकात हा शब्द घातला, तेव्हा दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला. अस्पृश्य देवाची माणसे असतील तर स्पृश्य कुणाची समजायची, असा त्यांचा रोख होता. सभागृहाने ऐकले नाही, तेव्हा बाबासाहेब आपल्या पक्षासह सभागृहाबाहेर पडले. शिवी दिली म्हणून सभात्याग झाल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. लाडाचे नाव ठेवले म्हणून झालेला सभात्याग आम्हांला हाच ठाऊक आहे. पुढे १९८२ साली केंद्र सरकारला जातीच्या दाखल्यावर ‘हरिजन’ लिहू नका असे सांगावे लागले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने हा शब्द आज हिणवण्यासाठी वापरला जातो असे नोंदवले. चौऱ्याऐंशी वर्षे लागली.

हे आपल्याकडेच घडले असेही नाही. दलित पँथरने १९७२ साली ज्या काळ्या पँथरांवरून नाव घेतले, त्यांच्या अमेरिकेत गोऱ्यांना काळ्या माणसाला ‘मिस्टर’ म्हणणे जड जाई. मग म्हाताऱ्याला ‘अंकल’, म्हातारीला ‘आंटी’ आणि तरण्याबांड गड्याला ‘बॉय’ म्हणत. नात्याचा शब्द सन्मानाचा शब्द टाळण्यासाठी वापरला जाई. १९६३ साली अलाबामातल्या एका न्यायालयात मेरी हॅमिल्टन ही चळवळीतली तरुणी साक्षीला उभी होती. वकील तिला नुसते ‘मेरी’ म्हणाला. मिस हॅमिल्टन म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले. तिला पाच दिवस कैद आणि पन्नास डॉलर दंड झाला. १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला.

आता आपल्या शाळेत या. मुख्याध्यापक ‘सर’, शिक्षिका ‘मॅडम’, शिपाई मात्र ‘मामा’. दवाखान्यात डॉक्टर ‘साहेब’, परिचारिका ‘सिस्टर’, आणि फरशी पुसणारी ‘मावशी’. कार्यालयात साहेबाला कुणी काका म्हणून पाहिले आहे का? पगार जसा खाली जातो तसे नाते जवळ येते! कुणी म्हणेल, लेकरे प्रेमाने मामा म्हणतात, त्यात जात कशाला आणता? लेकरे प्रेमानेच म्हणतात, हे खरे. पण घरी भांडी घासणाऱ्या मावशीचा कप वेगळ्या फळीवर का असतो? सख्ख्या मावशीचा असा कप कुठल्या घरात ठेवतात?

‘गावनाते’ या शब्दावर आमच्या भागात फार बोलले जाते. आमच्या गावात जातपात नव्हती, पाटलाची पोरे महारवाड्यातल्या म्हाताऱ्याला बाबा म्हणायची, असे सांगतात. ते खोटे नाही. आमच्याच घरातल्या म्हाताऱ्यांनी अशी माणसे सांगितली आहेत, जी गावनाते मनापासून पाळत, लग्नात आहेर पाठवत. त्यांचे ऋण नाकारायचे कारण नाही. पण २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, आणि परभणी, नांदेड जिल्ह्यांत वस्त्या पेटल्या. हिंगोली-सेनगाव तेव्हा परभणी जिल्ह्यातच. जाळणारे परदेशातून आले नव्हते. बाबा, मामा, काका म्हणण्याच्या अंतरावर राहणारेच त्यांत होते. जिवंतपणी ‘बाबा’ म्हणायला त्यांची हरकत नव्हती, ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ असे पाटीवर वाचायला होती. ती पाटी लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले, आणि तरीही मूळचे नाव मागे ठेवूनच.

मग आमच्या पोराने तक्रार करावी का? आम्ही त्याला नको म्हणालो. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा आहे. लोकांच्या नजरेसमोर जातीच्या नावाने शिवीगाळ करणे आणि हेतुपुरस्सर अपमान करणे हे त्यात गुन्हे आहेत. नुसता ‘बाळा’ त्यात बसवायला गेलो तर प्रकरण उभे राहणार नाही, आणि उद्या खरोखर मार खाल्लेल्या माणसाचे प्रकरणही लोक हसण्यावारी नेतील. त्याचबरोबर आमच्या जुन्या कार्यकर्त्यांचे ‘बिघडलं कुठं?’ हेही आम्हांला मान्य नाही. स्टूल गेले, तिथे बिघडले. पोराने तिथल्या तिथे म्हणायला हवे होते, “काका, आधी मी आलोय, मी बसतो.” काका म्हणूनच म्हणायचे. नात्याचा शब्द त्याने काढला ना, मग नाते दोन्हीकडून वाजू द्या.

हे सगळे बोलणे चालले होते ते सेनगावातल्याच एका हॉटेलात. वाद मिटला, चहा झाला, आणि ज्या पोराचे स्टूल गेले होते त्यानेच टेबल पुसणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला हाक मारली, “ए छोटू, पाणी आण.” आमच्यापैकी एकालाही काही खटकले नाही. मुलगा पाणी घेऊन आला. जुने कार्यकर्ते जरा वेळाने म्हणाले, “याला नाव विचारलं का कुणी?” कुणीच विचारले नव्हते. मग विचारले, तर तो आधी मालकाकडे बघू लागला.