लढाऊ वैमानिकांची साक्ष : अनुभव, अनुमान व लेखन

दुसऱ्या महायुद्धातील हवाई लढायांचा इतिहास मुख्यतः दोन प्रकारच्या साधनांवर उभा आहे : युद्धकाळातील कागदपत्रे, आणि युद्धानंतर वैमानिकांच्या भेटी घेऊन नोंदविलेली त्यांची निवेदने. लंडन येथील इंपीरिअल वॉर म्युझिअमने १९७२ मध्ये ध्वनिमुद्रित साक्षींचा विभाग उघडला, तेव्हापासून दुसऱ्या प्रकारास अधिक प्रतिष्ठा लाभली. १९४० च्या ब्रिटनवरील हवाई संग्रामात लढलेले अखेरचे ज्ञात वैमानिक जॉन हेमिंग्वे १७ मार्च २०२५ रोजी, वयाच्या १०५ व्या वर्षी निवर्तले. या पिढीस नवा प्रश्न विचारण्याची संधी आता जवळजवळ संपली आहे. जे विचारले गेले आणि जसे टिपले गेले, तेवढ्यावरच पुढील अभ्यासकास विसंबावे लागणार. म्हणून या साक्षी कशा वाचाव्यात, हा प्रश्न आज अधिक निकडीचा झाला आहे.

मराठी अभ्यासकास हा प्रश्न सर्वस्वी नवा नाही. १८९८ साली वि. का. राजवाडे यांनी समकालीन पत्रे प्रसिद्ध करून बखरींच्या विश्वसनीयतेची कठोर झडती घेतली. तेव्हापासून समकालीन पत्र अस्सल आणि मागाहून सांगितलेला वृत्तान्त दुय्यम, ही विभागणी आपल्या अंगवळणी पडली आहे. हवाई लढाईच्या बाबतीत मात्र ती तितकी सरळ राहत नाही. १५ सप्टेंबर १९४० रोजी १८५ जर्मन विमाने पाडल्याचे ब्रिटनने जाहीर केले. युद्धोत्तर तपासात जर्मनांनी त्या दिवशी गमावलेल्या विमानांची संख्या सुमारे ६० भरली. ही तफावत वार्धक्यातील विस्मृतीमुळे पडलेली नव्हती, कारण ते दावे त्याच दिवशी केलेले होते. एकाच विमानावर तीन-चार वैमानिक गोळ्या झाडीत आणि प्रत्येक जण ते आपण पाडले असे प्रामाणिकपणे मानी. धूर सोडीत ढगांत शिरलेले विमान कोसळले असे समजले जाई. ते पुष्कळदा तळावर सुखरूप परते. वैमानिक जमिनीवर उतरल्यावर त्याच्या तोंडून ऐकून अहवाल तयार होई. म्हणजे ज्यास आपण समकालीन कागद म्हणतो, तोही मुळात मौखिक साक्षच होता.

तेव्हा खरा भेद कागद आणि स्मृती यांतील नसून, साक्षीतील निरनिराळ्या थरांमधील आहे. जपानी नौदलाचे वैमानिक साबुरो साकाई यांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक ठरते. ७ ऑगस्ट १९४२ रोजी, अमेरिकी सैन्य ग्वाडलकॅनॉल बेटावर उतरले त्याच दिवशी, साकाई राबौलहून झीरो विमान घेऊन तेथे पोहोचले. जेम्स सदरलंड या अमेरिकी वैमानिकाच्या वाइल्डकॅट विमानाशी त्यांची गाठ पडली. पाचसहाशे गोळ्या मारूनही ते विमान पडेना, म्हणून साकाई अगदी जवळ गेले. त्याच्या शेपटीच्या चिंधड्या झालेल्या पाहून, आता या वैमानिकास लढणे अशक्य झाले असले पाहिजे, असे त्यांनी ताडले. सदरलंड यांच्या वृत्तान्तानुसार त्यांच्या बंदुकाच चालत नव्हत्या. प्रतिस्पर्धी प्रतिकार करीत नाही, हे साकाई यांनी बरोबर पाहिले. त्याचे कारण मात्र त्यांनी स्वतः पुरविले. सदरलंड हवाई छत्रीने उतरून बचावले, परंतु १९४९ मध्ये विमान-अपघातात मरण पावले. त्यामुळे हे दोन वृत्तान्त समोरासमोर ताडून पाहणे त्या दोघांस शक्य झाले नाही. त्या वाइल्डकॅटचे अवशेष १९९८ मध्ये बेटावर सापडले, आणि अभ्यासकांस एक तिसरा, मूक साक्षीदार लाभला.

त्याच दिवशी पुढे साकाई यांनी काही विमाने लढाऊ आहेत असे समजून त्यांच्यावर मागून चाल केली. ती बॉम्बफेकी विमाने होती. त्यांच्या मागील बंदुकांच्या माऱ्याने साकाई यांच्या डोक्यास गंभीर जखम झाली व उजव्या डोळ्याची दृष्टी गेली. तशा स्थितीत सुमारे १००० किलोमीटरचे अंतर पावणेपाच तासांत तोडून ते राबौलला परतले. त्यांच्या निवेदनात ही विमाने ॲव्हेंजर जातीची म्हणून येतात. पुढील संशोधनाने ती डाँटलेस असल्याचे दाखविले. दोन्ही जातींच्या विमानांना मागे रोखलेल्या बंदुका असत. म्हणजे अनुभव खरा, नाम चुकीचे. नाम चुकले म्हणून संपूर्ण साक्ष टाकून देणे, किंवा जखम खरी म्हणून नामही खरे मानणे, या दोन्ही गोष्टी सारख्याच अशास्त्रीय होत.

याखेरीज तिसरा थर लेखकाचा असतो. १९५७ साली प्रसिद्ध झालेला ‘सामुराई!’ हा इंग्रजी ग्रंथ साकाई, फ्रेड साईतो आणि मार्टिन केडिन या तिघांच्या नावावर आहे. साकाई जपानीत बोलले, साईतो यांनी त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि केडिन यांनी अमेरिकी वाचकांसाठी इंग्रजी कथन रचले. साकाई यांनी ६४ विमाने पाडली, ही संख्या या ग्रंथामुळे जगभर रूढ झाली. नंतरच्या अभ्यासकांस मान्य असलेली संख्या त्याहून पुष्कळच कमी आहे. जपानीत साकाई यांच्या नावावर असलेले ग्रंथ आणि हा ग्रंथ एकच संहिता नव्हेत. असे असता इंग्रजी वाक्य उद्धृत करून ‘साकाई म्हणतात’ असे लिहिणे म्हणजे तिघांचा आवाज एकाच्या मुखी घालणे होय.

यावरून वाचनाची एक रीत निष्पन्न होते. वैमानिकाने काय पाहिले व केले, त्यावरून काय अनुमानिले, आणि टिपणाऱ्याने व भाषांतरकाराने काय घातले, हे तीन थर वेगळे केले पाहिजेत. पहिल्यासाठी वैमानिकासारखा दुसरा साक्षीदार क्वचितच मिळेल. दुसऱ्यासाठी प्रतिपक्षाची दफ्तरे पाहावीत. तिसऱ्यासाठी मूळ भाषेतील निवेदन व मुलाखतकाराचे प्रश्न जपून ठेवले पाहिजेत. पुष्कळ संग्रहांत उत्तरे राहतात आणि प्रश्न गळतात. ज्या उत्तराचा प्रश्न हरवला, त्याचा अर्थही अर्धा हरवतो. आणि उत्तर देणारा हयात नसता तो भरून काढण्याचा मार्ग उरत नाही.