ट्यून आली, तरी चाल राहिली

वरातीत बँडवाल्यांना कुणीतरी ओरडून सांगतं, ‘नागिणीची ट्यून वाजवा!’ फोन लावला की पलीकडे कॉलर ट्यून लागते. हा इंग्रजी शब्द आता कुणालाच परका वाटत नाही. पण आषाढी वारीत माउलींची पालखी वाल्ह्याहून निघते, नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरते आणि लोणंदला मुक्कामाला येते, तेव्हा दिंडीतल्या टाळकऱ्याच्या तोंडी हा शब्द नसतो. अभंगाला तो चाल लावतो. एका गावच्या रस्त्यावर हे दोन्ही शब्द सुखाने नांदतात, कारण दोघांचं कूळ वेगळं आहे आणि कामही.

‘ट्यून’ हा इंग्रजीतल्या ‘टोन’चाच फाटा. मागे गेलं तर लॅटिन ‘टोनस’ आणि त्याच्याही मागे ग्रीक ‘टोनॉस’, म्हणजे ताण. शब्दाचं मूळ ताणण्यात आहे. लोणंदच्या स्टेशनवर गाडीत बसून त्याच पुणे-मिरज मार्गाने मिरजेला उतरावं आणि तंतुवाद्यं करणाऱ्यांच्या दुकानात थोडा वेळ थांबावं. कारागीर तंबोऱ्याची खुंटी पिळतो, तार ताणली जाते, सूर चढतो. मग तारेखाली घोडीवर बारीक दोरा किंचित पुढे-मागे सरकवतो आणि मघापर्यंत कोरडी वाजणारी तार एकदम गुंजायला लागते. ही जवारी. ताण आणि सूर यांचं नातं तिथे डोळ्यांनी दिसतं. वाद्य सुरात लावण्यालाही इंग्रजीत हाच शब्द का, हे मग वेगळं सांगावं लागत नाही.

इंग्रजांच्या प्रार्थनागीतांत ट्यूनला स्वतःचं नाव असतं. गीत वेगळं, ट्यून वेगळी. अक्षरांचं माप जुळलं की एकाच ट्यूनवर अनेक गीतं म्हणता येतात. तिथल्या एका प्रचलित वृत्ताचं माप आठ-सहा, आठ-सहा असं आहे. मिशनऱ्यांबरोबर ही पद्धत इथेही आली, आणि मराठी शब्द परदेशी सुरावटींत बसवले जाऊ लागले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना त्यातला अवघडलेपणा जाणवला. त्यांनी ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीच्या वळणावर आणली, आणि आयुष्याची शेवटची वर्षं साताऱ्यात राहून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभारण्यात घालवली. मराठी भजनाला मराठी चाल हवी, हे त्यांनी कृतीने दाखवलं, असं मी मानतो.

कारण असं माप आपल्याकडे शतकानुशतकं होतंच. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. एवढं जमलं की एका अभंगाची चाल हजारो अभंगांना लागते. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याच्याही पदरी ही पुंजी होती.

‘चाल’ हा चालण्यातूनच आलेला शब्द, आणि वारीत तो अक्षरशः खरा होतो. वाल्ह्याहून निघालेली दिंडी पाहा. मध्ये वीणेकरी, मृदंगी, दोन्ही बाजूंना टाळकऱ्यांच्या रांगा. एक जण चाल देतो, रांग उचलते, पलीकडची रांग ती परत करते. सुरुवात संथ, पुढे मृदंगाचा ठेका वाढतो, पावलं टाळाला भिडतात. मग कुणी जाणता टाळकरी चाल बदलतो आणि थकलेल्या पायांत पुन्हा जीव येतो. लोणंदहून तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण होतं, तिथे हे फार जवळून दिसतं. या सोहळ्याला आजची शिस्त लावणारे हैबतबाबा सातारा जिल्ह्यातल्याच आरफळचे.

पुढे ‘चाल’ हा शब्द छापखान्यात गेला. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आलं. लावणी, कीर्तन, कर्नाटकी पदं अशा कुठून कुठून त्यांनी चाली घेतल्या. संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असं लिहून मूळ गाण्याचे पहिले शब्द द्यायची रीत पडली. इंग्रज ट्यूनला स्वतंत्र नाव देत, आपण चालीला जुन्या गाण्याच्या नावाने ओळखत होतो. १९११ च्या ‘मानापमान’मध्ये सांगलीच्या खाडिलकरांच्या पदांना गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, आणि चाल बांधणारा माणूस स्वतःच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

ट्यूनला आपल्याकडे मोठी वाट मिळाली ती वाद्यांनी आणि रेडिओने. आकाशवाणीची ओळखीची ट्यून वॉल्टर कॉफमान या मुंबईत आलेल्या संगीतकाराने १९३६ मध्ये रचली, असं सांगतात. तिच्यात शब्द नाहीत. आपल्या बोलण्यातला फरकही इथेच आहे. ट्यून वाजते, तिला शब्दांची गरज नाही. चाल लावायची तर आधी शब्द हवेत. म्हणूनच बँडची ट्यून म्हटलेलं कानाला खटकत नाही, पण ‘हरिपाठाची ट्यून’ म्हटलं की खटकतं. खटकायलाच हवं.

नाटकातल्या चालींना टेंबे, भास्करबुवा बखले अशी नावं आहेत. दिंडीतल्या बहुतेक चालींना कर्त्याचं नाव नाही. त्या एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात आल्या. आता प्रत्येकाच्या खिशात ध्वनिमुद्रणाचं यंत्र आहे. तेव्हा लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेवर ज्यांचं घर आहे, त्यांना एक विनंती : मुक्कामाला उतरलेल्या म्हाताऱ्या टाळकऱ्याकडून एखादी जुनी चाल गाऊन घ्या, आणि ती त्याला कुणाकडून मिळाली, तेही त्याच्याच आवाजात नोंदवून ठेवा.