अनोळखी गांठोडें

बिऱ्हाड हलवितांना मोठा पलंग किंवा कपाट जसेंच्या तसें दारांतून बाहेर काढतां येत नाहीं. त्याचे खूर, फळ्या, खिळे सुटे करावे लागतात, त्यांना ओळखीच्या चिठ्या बांधाव्या लागतात, आणि नव्या घरीं सुतार त्या चिठ्या वाचून तें सामान पुन्हां जोडतो. संगणकाच्या कारभारांत हा प्रसंग घडोघडीं येतो. चालू प्रणालीच्या स्मरणांत असलेली एखादी वस्तु, मग तें ग्राहकाचें खातें असो, मालाची मागणी असो, कीं संकेतस्थळाची मांडणी असो, दुसऱ्या यंत्राकडे पाठवावयाची किंवा साठवून ठेवावयाची झाल्यास ती सोडवून अक्षरांच्या एका सरळ ओळींत गुंडाळावी लागते. या गुंडाळणीस सीरियलायझेशन असें नांव आहे. आणि त्या ओळीवरून मूळ वस्तु पुन्हां उभी करण्याच्या क्रियेस डीसीरियलायझेशन, म्हणजे उलगडणी, असें म्हणतात.

या साध्या क्रियेंत धोका तो कोणता? गांठोड्यावरील चिठींत केवळ माल लिहिलेला नसतो. त्यापासून कोणत्या प्रकारची वस्तु बनवावयाची तेंही तेथेंच लिहिलेलें असतें. सुतार चिठीचा आज्ञाधारक. चिठी परक्यानें लिहिली असली तरी तो ती मुकाट्यानें पाळतो. शिवाय कित्येक वस्तु अशा असतात कीं, त्या उभ्या राहतांना किंवा मोडतांना कांहीं काम आपोआप करतात.

परक्याला स्वतःचीं माणसें आंत आणण्याचीही गरज पडत नाहीं. श्रोत्यांनीं अशी कल्पना करावी कीं, एका वाड्यांत मुनीम आलेला निरोप गड्याला पोंचवितो, गडी निरोपांतलें दार उघडतो, आणि माळी दाखविलेला कचरा जाळतो. तिघांचींही कामें निर्दोष आहेत. पण निरोप तिजोरीच्या खोलीचा असला, आणि कचरा म्हणून हिशेबाच्या वह्या दाखविल्या गेल्या, तर त्याच प्रामाणिक नोकरांच्या हातून घराचा नाश होतो. प्रणालींतील निरनिराळ्या निर्दोष तुकड्यांची अशी सांखळी जोडणें हेंच या हल्ल्याचें मर्म होय.

या प्रकरणाचा आरंभ एका सोयींतून झाला. फेब्रुवारी १९९७ मध्यें सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें आपल्या जावा भाषेची १.१ ही आवृत्ति प्रसिद्ध केली, आणि तींत वस्तु गुंडाळण्याची व उलगडण्याची व्यवस्था भाषेच्या अंगींच बसवून दिली. जें काम प्रणालीकाराला हातानें करावें लागे, तें आतां एका आज्ञेंत होऊं लागलें. पीएचपी व पायथन या भाषांनींही तशींच साधनें दिलीं. या सर्व साधनांच्या मुळाशीं एक गृहीत होतें: गांठोडें आपल्याच माणसानें बांधलेलें आहे. तें गृहीत खोटें ठरल्यास काय होईल याची सूचना भाषांच्या पुस्तिकांतून छापलेली आहे. परंतु पुस्तिकेंतील सूचना आणि उंबरठ्यावरील पहारा यांत फार अंतर असतें.

त्यांतच प्लगिनची प्रथा आली. वर्डप्रेस ही संकेतस्थळें चालविणारी प्रणाली मे २००३ मध्यें सुरू झाली, आणि मे २००४ च्या १.२ या आवृत्तींत तिला प्लगिन जोडण्याची सोय मिळाली. प्लगिन म्हणजे मूळ घराला मागाहून जोडलेली पडवी. एकजण देणगीचा अर्ज जोडतो, दुसरा दुकान, तिसरा चित्रांचें दालन. आज जगांतील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळें वर्डप्रेसवर चालतात, आणि प्लगिन हें त्या यशाचें एक मोठें कारण आहे. पण पडवीला आंतून कुलूप नसतें. घराला जे अधिकार, तेच बहुधा पडवीलाही असतात. म्हणून पडवी बांधणाऱ्यानें अनोळखी गांठोडें उलगडलें, तर धोका सबंध घराला पोंचतो.

हा धोका प्रथम पद्धतशीर रीतीनें मांडला तो पीएचपीच्या क्षेत्रांत. २००९ व २०१० या सालीं स्टेफान एसर या जर्मन संशोधकानें व्याख्यानांतून दाखवून दिलें कीं, हल्लेखोराला नवी आज्ञावली घुसवावी लागत नाहीं; असलेल्या तुकड्यांचीच तो सांखळी करूं शकतो. जानेवारी २०१५ मध्यें क्रिस फ्रोहॉफ व गॅब्रिएल लॉरेन्स यांनीं कॅलिफोर्नियांतील एका परिषदेंत जावासाठीं तेंच सिद्ध केलें. अपाची कॉमन्स कलेक्शन्स हा असंख्य प्रणालींत वापरला जाणारा संग्रह त्यांच्या सांखळीस पुरेसा होता. अशा सांखळ्या तयार करून देणारें वायसोसीरियल नांवाचें साधनही त्यांनीं लोकांपुढें ठेवलें.

तरीही जवळजवळ नऊ महिने फारशी हालचाल झाली नाहीं. ६ नोव्हेंबर २०१५ रोजीं स्टीफन ब्रीन या संशोधकानें वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस, जेन्किन्स व ओपनएनएमएस या पांच नामांकित प्रणालींवर तीच युक्ति चालवून दाखविली, तेव्हां कोठें उद्योगजगत खडबडून जागें झालें. मधल्या काळांत नवें ज्ञान कांहींच आलें नव्हतें. धोका सिद्ध झाला होता, साधन उपलब्ध होतें. उणीव होती ती ऐकणाऱ्यांची.

पुढील धडा एका प्लगिननेंच दिला. अपाची स्ट्रट्स या जावा प्रणालीला रेस्ट नांवाचें एक प्लगिन जोडतां येतें. बाहेरून येणारा एक्सएमएल मजकूर तें एक्सस्ट्रीम या संग्रहाच्या साह्यानें उलगडीत असे, आणि कोणत्या प्रकारच्या वस्तु बनूं द्यावयाच्या याची कांहींच छाननी करीत नसे. ५ सप्टेंबर २०१७ रोजीं हा दोष जाहीर झाला, तेव्हां तो २००८ पासूनच्या आवृत्त्यांत नांदत असल्याचें उघड झालें. एक्सएमएल हा माणसालाही वाचतां येणारा मजकूर आहे. मजकूर वाचतां येतो म्हणून तो निर्धोक असतो, ही समजूत या प्रकरणानें खोडून काढली. वस्तूचा प्रकार पाठविणारा ठरवितो कीं घेणारा, हाच खरा प्रश्न होय.

ऑगस्ट २०१८ मध्यें सॅम थॉमस यांनीं याहूनही आडवाटेची रीत दाखविली. पीएचपींत फार नांवाच्या संग्रह-फायलींच्या पोटांत गुंडाळलेली माहिती ठेवतां येत असे. अशी फाईल छायाचित्राच्या वेषांत पाठवावी, आणि ती जागेवर आहे कीं नाहीं एवढें प्रणालीला नुसतें विचारावयास लावावें, कीं पोटांतलें गांठोडें आपोआप उलगडे.

वर्डप्रेसच्या अलीकडील इतिहासांत घर व पडवी यांचें नातें स्पष्ट दिसतें. नोव्हेंबर २०२३ मध्यें आलेल्या ६.४ या आवृत्तींत एक नवा तुकडा असा होता कीं, नष्ट होतांना तो सांगितलेलें कोणतेंही काम करी. मूळ घरांत अनोळखी गांठोडें उलगडणारी जागा नव्हती, त्यामुळें एकटा तो तुकडा निरुपद्रवी होता. पण तशी जागा एखाद्या प्लगिननें उघडी ठेवली असल्यास संकेतस्थळाचा ताबाच परक्याकडे जाऊं शकला असता. चालकांनीं कोणाची चूक याचा वाद न घालतां ६ डिसेंबर २०२३ च्या ६.४.२ या आवृत्तींत तो तुकडा उलगडला जाणार नाहीं अशी तजवीज केली.

पुढच्याच वर्षीं गिव्हडब्ल्यूपी या देणग्या स्वीकारणाऱ्या प्लगिनमध्यें दोष सांपडला. एक लाखाहून अधिक संकेतस्थळांवर तें बसविलेलें होतें. देणगीदाराच्या नांवामागें श्रीयुत, श्रीमती अशी जी उपाधि लिहावयाची, त्याच रकान्यांतून गुंडाळलेली वस्तु आंत शिरूं शके. त्यासाठीं प्रवेशाचा परवलीचा शब्दही लागत नसे, आणि पुढील सांखळी प्लगिनच्या पोटांत तयारच होती. तिच्या योगें आज्ञा चालवितां येत व फायली पुसतां येत. ७ ऑगस्ट २०२४ च्या ३.१४.२ या आवृत्तीनें हें दार बंद झालें. दान करणाऱ्याची सदिच्छा ज्या दारानें येते, त्याच दारानें चोरही यावा, याहून अधिक खेदाची गोष्ट ती कोणती?

आतां उपायांकडे वळावें. पहिला व सर्वांत खात्रीचा उपाय असा कीं, परक्याकडून गुंडाळलेली वस्तु घेऊंच नये. नांवें, आंकडे व याद्या एवढाच साधा मजकूर जेसॉनसारख्या पद्धतींत घ्यावा, तो तपासावा, आणि वस्तु आपल्या नियमानें आपणच बनवावी.

दुसरा उपाय निमंत्रितांच्या यादीचा. डिसेंबर २०१५ च्या पीएचपी ७.० मध्यें कोणते प्रकार उलगडूं द्यावयाचे हें नेमून देण्याची सोय झाली. जावाच्या सप्टेंबर २०१७ मधील नवव्या आवृत्तींत तशीच चाळणी आली, आणि ती चालू असलेल्या जुन्या आवृत्त्यांनाही पुरविण्यांत आली. मात्र एवढ्यावर विसंबून परका मजकूर उलगडूं नये, असें पीएचपीची पुस्तिका स्वतःच बजावते.

तिसरा उपाय मोहोरेचा. आपणच बांधलेलें गांठोडें फिरून आपल्याकडे यावयाचें असेल, तर त्यावर गुप्त किल्लीनें मोहोर करावी, आणि मोहोर जुळल्याशिवाय गांठ सोडूं नये. अर्थात् किल्ली चोरीस गेली कीं मोहोर व्यर्थ. जुलै २०२५ मध्यें मायक्रोसॉफ्टच्या शेअरपॉइंट प्रणालीवरील हल्ल्यांत किल्ल्याच लांबविण्यांत आल्या. म्हणून नुसती दुरुस्ती पुरी पडेना, किल्ल्याही बदलाव्या लागल्या.

चौथा उपाय घरांतील धोक्याचे तुकडे निकामी करण्याचा, आणि पांचवा अविचारी साधनेंच बंद करण्याचा. कॉमन्स कलेक्शन्सनें नोव्हेंबर २०१५ मध्यें पहिला मार्ग धरला. नोव्हेंबर २०२० च्या पीएचपी ८.० नें फार-फायलींतील माहिती आपोआप उलगडणें थांबविलें; आणि नोव्हेंबर २०२४ च्या डॉटनेट ९ मधून मायक्रोसॉफ्टनें बायनरीफॉर्मॅटर हें जुनें साधन मोडीत काढलें. जावाचे मुख्य रचनाकार मार्क राइनहोल्ड यांनीं तर १९९७ चा तो निर्णय ही एक भयंकर चूक होती असें २०१८ मध्यें जाहीरपणें मान्य केलें. एकवीस वर्षांनीं असें बोलण्यास मनाचा मोठेपणा लागतो.

हे उपाय प्रणाली रचणाऱ्यांचे झाले. परंतु ज्या गृहस्थाचें दुकान, ज्या मंडळाचें वाचनालय किंवा ज्या संस्थेचा निधि अशा संकेतस्थळावर अवलंबून आहे, त्याच्याही हातीं थोडें आहे. दुरुस्तीची आवृत्ति येतांच ती बसवावी. वापरांत नसलेलें प्लगिन काढून टाकावें. नुसतें निजवून ठेवूं नये. ज्याचा कर्ता कित्येक वर्षांत त्याच्याकडे फिरकला नाहीं, तें घेऊं नये. संकेतस्थळाची प्रत निराळ्या जागीं राखावी, आणि प्रणालीला कामापुरताच अधिकार द्यावा.

आजवरच्या इतिहासांत एकच गोष्ट वारंवार दिसते. दोष ठाऊक होता, उपायही ठाऊक होता, आणि त्या दोहोंमध्यें विलंब उभा होता. कधीं तो नऊ महिन्यांचा, कधीं नऊ वर्षांचा. हल्लेखोर राहतो तो त्या विलंबांत. पाहुण्याचें स्वागत करणें हा गृहस्थधर्म आहे. पण त्याचें गांठोडें न पाहतां सोडून त्यांतील आज्ञा पाळाव्या, असें कोणताच धर्म सांगत नाहीं.