ताकेओचा रस्ता

जून १९९२. टोकियोत मध्यरात्र उलटून गेली आहे. संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या सज्जात तुम्ही डोळे ताणून बसला आहात. खाली समाजवादी खासदार मत टाकायला निघालेत. निघालेत कसले! एक पाऊल टाकतात, थांबतात, मग दुसरं. बैलाच्या चालीने तासन्‌तास हेच चाललंय. पन्नासेक वर्षांपूर्वी याच देशाच्या फौजांनी आशिया तुडवला होता, त्यामुळे सैन्य पुन्हा बाहेर पाठवायला त्यांचा जीव धजत नाही. सत्ताधाऱ्यांच्या मनात वेगळाच सल आहे. आखाती युद्धात १३ अब्ज डॉलर मोजले, पण कुवेतने छापलेल्या आभाराच्या जाहिरातीत जपानचं नावच नव्हतं.

१५ जूनला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिमोहिमांत जवान पाठवण्याचा कायदा होतो. युद्धबंदी हवी, सर्व पक्षांची संमती हवी, यांतलं काही मोडलं तर माघारी फिरायचं, बंदूक फक्त जीव वाचवायला. त्यातही मेख अशी की गोळी झाडायची की नाही, ते प्रत्येक जवानाने आपलं आपण ठरवायचं. अधिकाऱ्याने हुकूम सोडायचा नाही.

डोळे मिटा, उघडा. कंबोडिया, नॉम पेन्हच्या दक्षिणेला ताकेओ. भातखाचरं, ताडाची झाडं आणि लाल धुळीत ६०० जपानी अभियंता जवान. राष्ट्रीय रस्ते क्रमांक दोन आणि तीन दुरुस्त करताहेत, पूल उभे करताहेत. खड्डे बुजवणाऱ्यांपेक्षा त्यांचे फोटो काढणारेच जास्त की काय, असं वाटावं इतके पत्रकार. हा प्रांत त्यातल्या त्यात सुरक्षित, म्हणूनच निवडलेला. इथे निवडणूक घ्यायला आलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेचा प्रमुखही जपानीच, यासुशी आकाशी.

आता वायव्येकडे चला, थायलंडच्या सीमेजवळ, अंपिलला. ४ मे १९९३. शस्त्रं खाली ठेवायला नकार देऊन ख्मेर रूज बंडखोर निवडणुकीबाहेर राहिलेत. डच सैनिकांच्या सोबतीने याच मोहिमेतल्या जपानी पोलिसांच्या गाड्या जाताहेत. पोलिसांकडे शस्त्र नाही. अचानक रॉकेट, मग गोळीबार. एक पोलीस ठार, चौघे जखमी. महिन्याभरापूर्वीच एक तरुण जपानी स्वयंसेवक असाच मारला गेला होता.

इथे तुम्हाला चीड येते, आणि ती रास्त आहे. संसदेने रात्री जागवल्या त्या सैनिकांच्या बंदुकांवर. बंदुकीवाले दक्षिणेत रस्ता बांधताहेत आणि नि:शस्त्र पोलीस आघाडीच्या तोंडाशी!

टोकियोत माणसं परत बोलवा म्हणणाऱ्यांत टपालमंत्री जुनिचिरो कोइझुमी आहेत. (हेच गृहस्थ पुढे पंतप्रधान म्हणून इराकमध्ये जवान धाडतील.) पंतप्रधान मियाझावा मात्र ठाम राहतात. युद्धबंदी टिकून आहे, असं सरकार सांगतं. कागदावर टिकूनच होती म्हणा.

२३ मे. ताकेओत पहाटेपासून मतदानाच्या रांगा. जपानी गाड्या केंद्रांभोवती फेऱ्या मारताहेत. कायद्याने त्यांना पहारा देता येत नाही, म्हणून कागदोपत्री ते माहिती गोळा करताहेत. हल्ला झालाच तर मध्ये पडायचं, म्हणजे गोळी स्वतःवर आली असं म्हणता येईल, असाही बेत शिजला होता. तशी वेळ आली नाही. देशभर सुमारे ९० टक्के मतदान झालं.

दूरच्या सहकाऱ्याच्या मदतीला बंदूक घेऊन धावण्याची मुभा कायद्यात यायला २०१५ उजाडलं. दक्षिण सुदानमधल्या जपानी तुकडीला ती पहिल्यांदा मिळाली आणि मे २०१७ मध्ये ती तुकडी घरी परतली, मुभा न वापरता.